वजन कमी करताना उत्साह टिकवायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिले दोन आठवडे वजन भराभर उतरलं. तिसऱ्या आठवड्यात काटा थंडावला आणि मनही उडालं. असं का होतं?

जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवलेलं असतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो आणि त्याबरोबर पाणी जातं. बाहेरचं, खारट खाणं थांबल्यामुळेही पाणी उतरतं. त्यामुळे सुरुवातीला दीड-दोन किलो सहज जातात. चरबी पहिल्या दिवसापासून जातच असते, पण तिचा वेग आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास असतो, आणि पाणी उतरायचं थांबलं की काट्यावर तेवढाच वेग दिसतो. नेमकं त्याच सुमाराला लोकांचं कौतुकही ओसरलेलं असतं.

म्हणून पहिले १४ दिवस हिशोबात धरू नका. पंधराव्या दिवशीचं वजन वहीत 'सुरुवात' म्हणून लिहा आणि पुढची सगळी तुलना त्याच्याशी करा. निराशेचं एक मोठं कारण एवढ्यानेच जातं.

ध्येय किती किलोचं ठेवावं?

पहिला टप्पा सध्याच्या वजनाच्या ५ टक्के. ८२ किलो असाल तर ४ किलो, आणि त्यासाठी अडीच ते तीन महिने. एवढं कमी झालं तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) यांत फरक दिसू लागतो. 'कॉलेजात होतं तेवढं वजन' हे पहिलं ध्येय ठेवू नका. ते इतकं लांब असतं की दोन किलो उतरल्याचा आनंदही होत नाही.

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबरेच्या घेराला पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशी ठेवण फार दिसते, म्हणून कंबरेचा आकडा बीएमआयइतकाच महत्त्वाचा समजा. मोजताना टेप बेंबीवर अंदाजाने धरू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, सहज श्वास सोडा, पोट आत न ओढता आकडा वाचा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

किलोचं ध्येय ठेवलंत तरी रोजची खूण मात्र कृतीचीच हवी. 'या आठवड्यात ७०० ग्रॅम' हे आपल्या हातात नसतं. 'या आठवड्यात पाच दिवस चालणं आणि रात्रीचं जेवण साडेआठच्या आत' हे असतं.

ठरवतो खूप, पण होत नाही. इच्छाशक्तीच कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. ठरवलेलं अर्धवट असतं. 'उद्यापासून चालायचं' यात वेळ नाही, जागा नाही, काय झाल्यावर निघायचं ते नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला मुद्दा इथे फार उपयोगी आहे: 'अमुक झालं की मी तमुक करणार' अशा रचनेत ठरवलं की ते घडण्याची शक्यता वाढते. उदाहरणार्थ, 'मुलांची रिक्षा गेली की घरात परत न येता तसाच मैदानावर जाणार.' 'संध्याकाळी ऑफिसात समोसे आले की मी डब्यातले चणे काढणार.' दुसरं वाक्य जास्त मोलाचं आहे, कारण अडचण येण्याआधीच तिचं उत्तर तयार ठेवलेलं आहे. आपल्या आठवड्यात हमखास घसरायच्या जागा तीन-चारच असतात. प्रत्येकीसाठी असं एक वाक्य लिहून ठेवा.

सवय लागायला २१ दिवस लागतात ना?

नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसात हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत बदलला. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशीही अंथरुणातून उठणं जड जात असेल तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

सकाळी उठवतच नाही. काय करावं?

आधी रात्र बघा. साडेदहाला जेवण, बाराला झोप आणि साडेपाचचा गजर हे गणित जमत नाही. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, त्यातही गोड-तळलेल्याची. सात तास झोप होत नसेल तर सकाळचा व्यायाम सोडा आणि संध्याकाळी करा. चरबी कमी होण्यासाठी सकाळच हवी असा काही नियम नाही. सकाळचा फायदा एवढाच की तोवर दिवसाची कामं आडवी आलेली नसतात.

सकाळच ठरवली असेल तर कपडे, मोजे, बूट आणि घराची किल्ली रात्रीच दाराशी ठेवा. अंधारात मोजे शोधताना अंथरुणाकडे वळायला फार वेळ लागत नाही. आणि फक्त दहा मिनिटं चालायचं ठरवा. दहा मिनिटांनी परतायची इच्छा झाली तर खुशाल परता. अवघड असतं ते दाराबाहेर पडणं, आणि तो दिवस मोडला नाही हे महत्त्वाचं.

अगदीच कंटाळा आला, किंवा कामाचा डोंगर असला, तर?

उत्साह येणार आणि जाणार हे धरूनच आखणी करायला हवी. त्यासाठी दिवसाचे दोन प्रकार ठरवा: पूर्ण दिवस आणि किमान दिवस. पूर्ण दिवशी ४० मिनिटं चालणं, ताकदीचा व्यायाम, ठरलेलं जेवण. किमान दिवशी जेवणानंतर १० मिनिटं शतपावली, १० बैठका आणि चहात साखर नाही. किमान दिवस इतका सोपा हवा की तापातून उठलेला माणूस सोडून कोणालाही जमेल. कॅलेंडरवर दोन्हींची खूण करा, पूर्ण दिवसाला फुली आणि किमान दिवसाला टिंब. महिन्यात आठ-दहा टिंबं आली तरी चालतं. सलग दोन घरं रिकामी ठेवायची नाहीत, एवढा एकच नियम कडक पाळा.

चालताना आवडतं काहीतरी ऐकणं, आणि ते फक्त चालतानाच ऐकणं, याचाही उपयोग होतो. अमेरिकेत एका विद्यापीठाच्या जिममध्ये असा प्रयोग झाला. उत्कंठावर्धक पुस्तकांची ध्वनिमुद्रणं फक्त व्यायाम करतानाच ऐकायला मिळतील अशी सोय होती. सुरुवातीला लोक जास्त येऊ लागले, पण मध्ये सुट्ट्या आल्या आणि परिणाम ओसरला. म्हणजे ही युक्ती दर मोठ्या सुट्टीनंतर नव्याने सुरू करावी लागते, आणि ऐकायलाही काही नवं निवडावं लागतं.

रोज वजन करावं की आठवड्यातून एकदा?

आकड्याने दिवस खराब होत नसेल तर रोज. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, काटा गादीवर किंवा पायपुसण्यावर न ठेवता फरशीवर. त्या दिवसाच्या आकड्याकडे लक्ष द्यायचं नाही. सात दिवसांची सरासरी काढायची आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडायची. रात्री लोणचं-पापड झाले, प्रवास झाला, बद्धकोष्ठ असला किंवा पाळी जवळ आली की एक-दीड किलो पाणी वरखाली होतं. बायकांनी आठवड्याची तुलना करण्याऐवजी मागच्या महिन्यात पाळीच्या त्याच सुमाराला असलेल्या वजनाशी करावी. तीच खरी असते.

आकडा बघून जेवण टाकावंसं वाटत असेल तर काटा कपाटात ठेवा आणि टेप वापरा.

रोज १०,००० पावलं चालायलाच हवीत का?

हा आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिनिटांत आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा वेग.

आधी तीन दिवस नेहमीसारखं वागून पावलं मोजा. ३,५०० आली तर पुढचे दोन आठवडे ४,५००, मग ५,५००. एकदम दहा हजारांवर उडी मारली की टाच किंवा नडगी धरते, आणि मग महिनाभर घरी बसावं लागतं.

दीड महिना रोज चालतोय, तरी वजन हलत नाही. व्यर्थ आहे का?

चालणं व्यर्थ नाही. हृदयाला, साखरेला आणि झोपेला त्याचा फायदा होतच असतो. पण वजनाचा हिशोब बघा. ७० किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला साधारण ५० कॅलरी लागतात. ४ किलोमीटरला २००. चालून आल्यावर चहाबरोबर ५० ग्रॅम फरसाण खाल्लं तर २५० च्या वर परत आल्या. घड्याळात दिसणाऱ्या कॅलरींवर विसंबून जास्त खाऊ नका, त्या पुष्कळदा फुगलेल्या असतात.

आपल्या घरांत दोन ठिकाणी कॅलरी नकळत शिरतात. पहिलं तेल. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम पडतं, म्हणजे ३४० कॅलरी फक्त तेलाच्या. ते ३ लिटरवर आणलं तर प्रत्येकाच्या रोजच्या १३० च्या आसपास कॅलरी वाचतात, तेही कोणी एक घास कमी न खाता. त्यासाठी बाटली फोडणीत कलंडायची नाही, चमच्याने मोजायचं. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळं काढून ठेवलं की आपोआप हात आखडतो.

दुसरा चहा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एकदम बंद केली तर चार दिवसांत परत सुरू होते. दर आठवड्याला प्रत्येक कपात अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जिभेला सवय होते आणि मग पूर्वीचा चहाच गोड मिट्ट लागतो.

घरात माझ्या एकट्यासाठी वेगळं कोण शिजवणार?

वेगळं शिजवूच नका. वेगळा स्वयंपाक दोन महिन्यांवर टिकत नाही. तेच ताट ठेवा आणि प्रमाण बदला. आधी कोशिंबीर आणि ताक, मग उसळ-भाजी, शेवटी पोळी-भात. तीन पोळ्या आणि भात असेल तिथे एक भाकरी किंवा दोन बिनतेलाच्या पोळ्या, आणि भात अर्धी वाटी. उसळ मात्र एक वाटीऐवजी दोन.

उसळीवर भर देण्याचं कारण प्रथिनं. प्रथिनं कमी पडली की भूक लवकर लागते आणि वजनाबरोबर स्नायूही जातात. घट्ट उसळीच्या वाटीत साधारण ७-८ ग्रॅम, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास. वजन कमी करताना किलोमागे एक ग्रॅम तरी पोटात जायला हवं. पातळ वरणाच्या एका वाटीवर ही गरज भागत नाही.

आणि आग्रह? 'नको, नको' म्हटलं की आग्रह वाढतो. ताट पुढे करून 'अजून थोडी उसळ वाढा' म्हणा. वाढणाऱ्याचं मन राखलं जातं आणि पोळी टळते.

गणपती, दिवाळी, लग्नसराई आली की सगळं कोलमडतं.

त्या दिवसांत कमी करायचं ध्येयच ठेवू नका. 'आहे ते टिकवायचं' हे ध्येय ठेवा आणि चालणं चालू ठेवा. मोदक खा, जेवणात मोजून दोन, तूप घालून. मात्र त्या जेवणातला भात सोडा. दिवाळीत फराळाची वेळ एकच ठरवा, ताटलीत वाढून घ्या आणि डबा मिटा. वजन वाढतं ते येता-जाता डब्यात जाणाऱ्या हातामुळे.

सणानंतर काटा दोन किलो जास्त दाखवेल. घाबरू नका. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. चार दिवसांत वाढलेल्यातलं पुष्कळसं मीठ-पाणीच असतं आणि नेहमीचं जेवण सुरू केलं की आठवडाभरात उतरतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी लंघन करू नका. त्या संध्याकाळी हमखास तोल जातो.

उपासाचंही तेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च असतो, त्यात दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा पडला की एक बशी खिचडी नेहमीच्या जेवणाला मागे टाकते. उपास करायचाच असेल तर राजगिरा, दही, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं आणि फळं यावर करा.

पावसाळ्यात चालणं बंद पडतं, ते दिवाळीपर्यंत सुरूच होत नाही.

जूनच्या आधीच घरातला पर्याय ठरवा. इमारतीचे जिने चढायचे, आणि गुडघे कुरकुरत असतील तर उतरायला लिफ्ट. किंवा सूर्यनमस्कार: पहिल्या आठवड्यात ४, मग दर आठवड्याला २ वाढवत १२ पर्यंत. घाईघाईने १०८ घालायच्या नादात कंबर धरते. उच्च रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

जिमचे वर्षाचे पैसे भरले, पण जाणं होत नाही.

पैसे भरल्याने पाय उचलला जात नाही. जिम घर-ऑफिसच्या वाटेवर असेल तर जाणं होतं, वाट वाकडी करावी लागली तर सुटतं. पुढच्या वेळी आधी एक महिन्याचेच भरा. तोवर घरी आठवड्यातून दोनदा, २० मिनिटं एवढं करा: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीला हात टेकून जोर १०, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं १२, कमरेत वाकून भरलेल्या दोन बाटल्या पोटाकडे ओढणं १०. मध्ये एक मिनिट थांबून अशा दोन फेऱ्या, महिन्याने तीन. पंधरा सहज व्हायला लागले की अवघड करा. खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, मग पूर्ण बैठक. भिंतीऐवजी ओटा, मग जमिनीवरचे जोर.

याने उत्साहालाही बळ मिळतं. काटा हलत नाही त्या महिन्यातही ८ चे १४ जोर होतात, आणि ती प्रगती डोळ्यांना दिसते.

काटा तीन आठवडे जागचा हललेला नाही.

आधी कंबर मोजा. ती कमी झाली असेल तर काही बदलू नका. कंबरही तीच असेल तर दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे शरीर लहान झालं की त्याची गरजही कमी होते. सात किलो उतरले की दिवसाला साधारण १०० कॅलरी कमी लागतात, म्हणून सुरुवातीला पुरलेला आहार आता पुरेसा कमी राहत नाही. दुसरं, आणि जास्त वेळा आढळणारं, म्हणजे प्रमाण हळूहळू सैल झालेलं असतं. चमचा परत भरून येऊ लागतो, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवलं जातं. सात दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट खाण्याआधी लिहा. रात्री आठवून लिहिलं तर निम्मं सुटतं.

एवढं करूनही चित्र बदललं नाही तर दोन आठवडे विश्रांती घ्या: वजन न वाढेल इतपत खा, व्यायाम चालू ठेवा, मग पुन्हा सुरू करा. अशा वेळी जेवण अर्ध्यावर आणू नका, थकवा आणि चिडचिड वाढते.

एक दिवस फार खाल्लं. आता आठवडा गेलाच ना?

नाही. दुपारी बिघडलं तर रात्रीचं जेवण ठरल्याप्रमाणे घ्या. एवढंच.

सोबत कोणी असावं का?

असेल तर फार बरं, पण फोनवरच्या ग्रुपपेक्षा गल्लीतला एक माणूस जास्त उपयोगी. कोपऱ्यावर कोणी वाट बघत उभं आहे म्हटल्यावर पाय निघतो. 'महिन्यात कोण जास्त किलो उतरवतो' अशा स्पर्धांपासून मात्र दूर राहा. त्यात लोक शेवटचे दोन दिवस उपाशी राहून, पाणी तोडून जिंकतात. त्याऐवजी दोघांनी मिळून एक तारीख धरावी. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधली छोटी शर्यत, किंवा पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढण्याचा दिवस.

डॉक्टरांकडे कधी जावं?

चालताना छातीत दुखलं, दाब आला, भोवळ आली तर लगेच. वय चाळिशीच्या पुढे असून मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर सुरू करण्यापूर्वी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना खाणं कमी केलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते, औषधाचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. सतत थकवा, केस गळणं, पाळी अनियमित होणं, जोरात घोरणं आणि दिवसा पेंग येणं ही लक्षणं असतील तर थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा बिघाड) आणि झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याची तपासणी करून घ्या. आणि खाणं म्हटलं की अपराधी वाटत असेल, लपून खाणं किंवा खाऊन मुद्दाम उलटी करणं होत असेल, तर आधी मदत घ्या, वजनाचं नंतर बघा.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत, मग एवढा खटाटोप कशाला?

टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ पासून भारतात मिळतं. योग्य रुग्णाला त्यांचा मोठा फायदा होतो आणि ती घेण्यात कमीपणा काही नाही. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची औषधं आहेत. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. शिवाय भूक मरते तेव्हा प्रथिनंही कमी पडतात. म्हणून ती घेतानाही वरचा ताकदीचा व्यायाम आणि उसळीच्या दोन वाट्या सोडू नका.

ध्येय गाठलं. आता पुढे?

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. तीत किमान १३.६ किलो वजन उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची माहिती आहे. त्यांच्यात वारंवार आढळणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: नियमित वजन करणं, सकाळचा नाश्ता न चुकवणं, दिवसाला तासभर हालचाल, आणि सुट्टीच्या दिवशीही साधारण तेच जेवण.

एक वरची रेषा ठरवा, गाठलेल्या वजनाच्या दोन किलो वर. सात दिवसांची सरासरी तिला लागली की त्याच आठवड्यात तेल मोजणं, खाणं लिहिणं आणि कॅलेंडरवरच्या खुणा पुन्हा सुरू करा. दोन किलो महिन्या-दीड महिन्यात उतरतात. आठ किलो परत चढेपर्यंत थांबलात तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.